त्रिपुरी पौर्णिमा, यादी आणि आमचा डावखुरा

पोलादपूर तालुक्यात बसून घटनाक्रम लिहायचा तर आधी माफी मागायला हवी. इथल्या माणसाला तासामिनिटांचा हिशेब विचारला की तो 22 जुलै 2021 चा सांगतो: पाऊस कधी वाढला, केवनाळ्यात काय झालं, साखर सुतारवाडीत काय, आणि महाडच्या बाजूला तळीयेत डोंगर खाली आला तेव्हा कोण कुठं होतं. मी सांगतोय ते त्या तोलाचं नाही. यात कुणाचा जीव गेला नाही. एका क्रिकेट संघाचं वाटोळं झालं एवढंच. पण ते ज्या रात्री सुरू झालं त्या रात्री आम्ही फटाके वाजवले, म्हणून लिहून ठेवतो.

रविवार, 26 नोव्हेंबर 2023. कुडपण माझं आजोळ. पर्यटनाच्या पाटीवर गावाला ‘प्रति महाबळेश्वर’ म्हणतात, धबधबा आणि भीमाची काठी बघायला पावसाळ्यात गाड्या येतात. नोव्हेंबरात कुणी येत नाही. येतात ते चाकरमानी, आणि या खेपेला तेही बऱ्यापैकी आले होते, कारण त्रिपुरी पौर्णिमा रविवारला लागून आली होती.

सकाळी 7. चौदा तास आधी.

आजोळच्या घरातले वडीलधारे बापू खळ्यात उभे राहून आभाळाकडे बघत होते. मळणी उरकली होती, पण पेंढ्याची उडवी अजून रचायची होती आणि वरकसावरची नाचणी कणसांसकट पडवीत पसरलेली होती. ढग खाली आलेले. “आज पडंल,” बापू म्हणाले. त्यांना पावसाबद्दल कुणी उलट बोलत नाही.

आठवड्याआधीच्या रविवारी अहमदाबादला विश्वचषकाची फायनल गेली होती. चार दिवस गावात क्रिकेटचं नाव कुणी काढलं नव्हतं. घरात मयत झाल्यावर रेडिओ लावत नाहीत तसं. शुक्रवारपासून मात्र एक अफवा वर चढून आली आणि सगळ्यांची जीभ सुटली. हार्दिक पंड्या गुजरात सोडून परत मुंबईत येतोय.

सकाळी 8. तेरा तास आधी.

वाडीच्या वरच्या अंगाला वळणावर एक सपाट कातळ आहे. त्याला सगळे ‘रेंजचा दगड’ म्हणतात. खाली फोन नुसता घड्याळ म्हणून चालतो. दगडावर चढलं की दोन काड्या येतात, वारा फिरला की एक. त्यामुळे आमच्याकडे बातमी सलग येत नाही. तुकडा येतो, तो घेऊन माणूस खाली उतरतो, त्यावर तासभर भांडण होतं आणि मग दुसरा माणूस वर जाऊन पहिला तुकडा खोटा ठरवतो.

टेम्पोवाला भाचा पहिला तुकडा घेऊन आला: सौदा नुसत्या पैशाचा, पंधरा कोटींचा. आयपीएलमध्ये लिलावाबाहेर खेळाडूंची अशी देवघेव चालते. दोन संघ राजी हवेत, खेळाडूने हो म्हणायला हवं. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू देता येतो किंवा रोकड मोजता येते. त्या वर्षी लिलाव 19 डिसेंबरला दुबईत होता, आणि कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं याची यादी द्यायचा शेवटचा दिवस आज, 26 तारीख.

“पंधरा कोटी,” बापू म्हणाले. “आमच्या टायमाला बॉलर विकत घेत नव्हते. त्याला खात्यात चिकटवायचे.”

बापू परळच्या गिरणीत होते, ब्याऐंशीच्या संपापर्यंत. टाइम्स शील्डच्या काळात गिरण्या, बँका, कंपन्या आपापले संघ बांधायच्या. मफतलाल आणि निर्लॉनसारख्या संघांत कसोटी खेळाडू असायचे. चांगला बॉलर दिसला की त्याला नोकरी द्यायची, हजेरी लावून मैदानावर पाठवायचं. बापू स्वतः खालच्या संघात खेळले, पण ती भाषा त्यांना पक्की ठाऊक. माणूस कुठल्या खात्यात जाणार यावरून कँटीनमध्ये पैजा लागायच्या, असं ते सांगतात. म्हणजे अफवा तेव्हाही होत्या. फक्त रेंजचा दगड नव्हता.

सकाळी 10. अकरा तास आधी.

आता खरं भांडण. हार्दिक हे निमित्त होतं. वाद बॉलरचा होता.

मुंबईचा संघ म्हणजे फलंदाजीचा, हे बाहेरच्यांचं मत. 2023 च्या मोसमात पहिली ओव्हर कोण टाकणार हाच रडीचा प्रश्न होता. बुमराह पाठीच्या दुखण्यामुळे अख्खा मोसम बाहेर. जोफ्रा आर्चरवर 2022 च्या लिलावात आठ कोटी घातले, तो त्या वर्षी येणारच नव्हता हे माहीत असून. 2023 ला आला, पाच सामने खेळला, दोन विकेट घेतल्या आणि परत गेला. टेम्पोवाल्याच्या मते आर्चरला ठेवायला हवं. “वाघ आजारी असला तरी वाघच ना?”

“आजारी वाघाला आठ कोटींचं मटण कोण घालंल?” हा प्रश्न पडवीतून आला. बोलणारा आमचा डावखुरा.

त्याच्याबद्दल थोडं. नालासोपाऱ्याला राहतो, गोदामात कामाला. टेनिस बॉलने टाकतो, आणि नवा चेंडू हातात असला की तो आत असा आणतो की फलंदाजाच्या पायावरच पडतो. कुडपणच्या संघाची पहिली ओव्हर सहा वर्षं त्याची. त्याचा देव बुमराह नाही, आकाश मधवाल. रुरकीचा हा सिव्हिल इंजिनियर विशी उलटेपर्यंत टेनिस बॉलवरच खेळत होता. त्याच मधवालने 24 मे 2023 ला चेपॉकवर लखनौविरुद्धच्या एलिमिनेटरमध्ये पाच धावांत पाच विकेट काढल्या. तो सामना डावखुऱ्याने गोदामात उभ्याउभ्या पाहिला होता. पाच बाद पाच हे आकडे तो जत्रेतल्या देवाचं नाव घ्यावं तसे घेतो.

तिसरा पक्ष होता तो ‘बोल्ट परत आणा’वाल्यांचा. यांचा मुद्दा कच्चा नव्हता. 2020 च्या मोसमासाठी मुंबईने ट्रेंट बोल्टला दिल्लीकडून अशाच देवघेवीत घेतलं होतं. त्याने त्या मोसमात 25 विकेट घेतल्या आणि फायनलच्या पहिल्याच चेंडूवर स्टॉइनिसला बाद केलं. समोर दिल्लीच. ज्यांनी दिला त्यांच्यावरच उलटला. देवघेवीचं याहून चांगलं जाहिरातपत्रक नाही. पण बोल्ट आता राजस्थानकडे होता आणि राजस्थान वेडं नव्हतं. त्यांनी चार दिवसांपूर्वीच देवदत्त पडिक्कल लखनौला देऊन आवेश खान घेतला होता. म्हणजे ते बॉलर गोळा करत होते, वाटत नव्हते.

मुंबईने काय घेतलं होतं? रोमारिओ शेफर्ड, पन्नास लाखांत. यावर कुणी बोललं नाही.

दुपारी 12. नऊ तास आधी.

इथे दुसरी अफवा उघडी पडली, आणि हिला दगडावर चढायची गरज नव्हती.

जानेवारीत खालच्या अंगाच्या एका गावाची स्पर्धा असते. नाव लिहीत नाही, सोयरिकी आहेत. त्या गावाने म्हणे आमच्या डावखुऱ्याला विचारलंय. सामन्याला दोन हजार, नालासोपाऱ्याहून येण्याजाण्याचं भाडं आणि बूट. बूट हा शब्द आला तेव्हा पडवीत जरा शांतता झाली, कारण त्याच्या बुटाचा तळ सुतळीने बांधलेला सगळ्यांनी बघितला होता.

विचारलं तर तो हसला. “कोण बोललं?” एवढंच. हो नाही, नाही नाही. हार्दिकची बातमी विचारल्यावर संघाचे मालक जसं बोलतात, तसंच.

दुपारी 2. जेवण. वरीचा भात, कुळथाचं पिठलं. झोप.

संध्याकाळी साडेपाच. साडेतीन तास आधी.

याद्या येऊ लागल्या. टेम्पोवाला दगडावर, मी खाली वळणावर, मध्ये दोन पोरं. तो ओरडायचा, पोरं ओरडायची, मी पडवीत सांगायचो. वाटेत नावांची जी दशा झाली ती सांगण्यासारखी आहे. ‘हेझलवूड’चं ‘हजार लाकूड’ झालं. बंगळूरने त्याला सोडला होता. हर्षल पटेललाही सोडला, हसरंगालाही, आणि आपला पुण्याचा केदार जाधवही त्याच यादीत. कोलकात्याने पालघरच्या शार्दूल ठाकूरला आणि विदर्भाच्या उमेश यादवला एकाच दिवशी घरी पाठवलं.

मग मुंबई. अकरा जणांना सोडलं. आर्चर. जॉर्डन. मेरेडिथ. झाय रिचर्डसन. यान्सन, तोही जुळ्यांतला कमी गाजलेला. संदीप वॉरियर. अर्शद खान. नावं येत गेली तसे बापू बोटं मोडत गेले. “अरं, हे तर आख्खं बॉलिंगचं खातंच बंद केलं,” ते म्हणाले. गिरणीतल्या माणसाला खातं बंद होणं म्हणजे काय ते कळतं.

आणि हार्दिक? हार्दिक पंड्या गुजरातच्या ठेवलेल्या खेळाडूंमध्ये. कर्णधार म्हणून तिथेच.

टेम्पोवाला दगडावरून उतरला तो एखाद्याचा लग्नाचा होकार फिरावा तसा. “अफवाच होती,” म्हणाला. डावखुरा काही बोलला नाही, पण मला वाटतं त्याला बरं वाटलं. एक अफवा खोटी ठरली की दुसरीलाही थोडी जागा मिळते.

संध्याकाळी 6. तीन तास आधी.

पाऊस. मोठा नाही, पण पेंढा भिजवायला मोठा लागत नाही. आर्चर आणि हार्दिक यांना तिथेच सोडून सगळे खळ्यात धावलो. ताडपत्री, पोती, एकाने तर स्पर्धेचा जुना फ्लेक्स आणून नाचणीवर टाकला. त्याच संध्याकाळी वर निफाडकडे गारांनी द्राक्षबागा झोडपल्या हे दुसऱ्या दिवशी कळलं. दिवसभराच्या आमच्या बडबडीपेक्षा ती बातमी कितीतरी मोठी होती, आणि गावात तिच्यावर बोलणारे बापू एकटेच.

अर्ध्या तासाने थांबला. देवळात पणत्या लावायच्या होत्या. वाती भिजल्या होत्या, परत वळल्या.

संध्याकाळी 7. दोन तास आधी.

तिरुवनंतपुरमला ऑस्ट्रेलियाविरुद्धचा दुसरा टी-ट्वेंटी सुरू झाला. कर्णधार सूर्यकुमार. यशस्वी आणि ऋतुराज, एक मुंबईचा, एक पुण्याकडचा, दोघांनी अर्धशतकं ठोकली, भारताने 235 केल्या. टीव्ही चालू होता. कुणी बघत नव्हतं. खरा सामना यादीचा होता आणि तो संपून गेला होता, असं आम्हाला वाटत होतं.

वहिनी, म्हणजे डावखुऱ्याची आई, पणत्यांचं ताट घेऊन जाता जाता थांबल्या. त्यांना क्रिकेटमधलं एवढंच कळतं की पोराचा खांदा कधी दुखतो.

“तो तिकडं कप्तान हाय ना?”

“होय.”

“मग हिकडं येऊन काय पाणी वाटणार व्हता?”

सगळे हसले. उत्तर कुणी दिलं नाही. दिवसभरात पंधरा कोटी, आठ कोटी, पाच बाद पाच, सगळं बोलून झालं होतं. हा प्रश्न पन्नास माणसांत एकालाही पडला नव्हता. मलाही नाही, आणि मी यावर लिहून पैसे मिळवतो.

रात्री 8. एक तास आधी.

टेम्पोवाला शेवटचं म्हणून दगडावर गेला होता. दिव्याहून त्याच्या चुलतभावाचा फोन: झाला सौदा. यादीत नाव असलं तरी झाला. यादी ही फक्त आजच्या मुदतीपुरती. देवघेवीची खिडकी 12 डिसेंबरपर्यंत उघडी आहे.

पडवीत कोर्ट बसलं. यादी मोठी की फोन? बापूंनी कागद मागवला. पोराच्या वहीचं मागचं पान फाडून हिशेब मांडला. यादीनंतर मुंबईच्या गाठीला उरले सव्वापंधरा कोटी. त्यातून हार्दिकचे पंधरा गेले तर? पंचवीस लाख. त्या वर्षीच्या लिलावात सगळ्यात स्वस्त माणसाची बोली वीस लाखांपासून होती. संघात जागा आठ रिकाम्या.

“म्हंजे येक माणूस,” बापू म्हणाले. “बॉलिंगचं खातं बंद केलं आन् आता पंचवीस लाखांत येक माणूस आणणार. खोटं हाय हे.”

हा हिशेब मी आजही चुकीचा म्हणणार नाही. त्या कागदावर जे होतं त्यानुसार बापू बरोबर होते. फक्त कागदावर एक रकाना कमी होता.

रात्री 9.

तो रकाना घेऊन टेम्पोवाला धावत आला. कॅमेरून ग्रीन बंगळूरला जातोय. साडेसतरा कोटींत. म्हणजे पंधरा गेले, साडेसतरा आले, आणि लिलावाला पावणेअठरा कोटी शिल्लक. बापूंनी कागदाकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, “सावकार हाय हा कुणीतरी.” त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

2015 ला दहा लाखांत आलेला पोरगा, मुंबईने घडवलेला, गुजरातला पहिल्याच वर्षी चषक जिंकून देऊन घरी परततोय. दिवाळीच्या उरलेल्या लवंग्या निघाल्या. दोन सुतळी बॉम्बही निघाले, एक पावसाने सादळला होता, दुसरा फुटला. ढग फाटून चंद्र वर आलेला, देवळात पणत्या, आणि भीमाच्या काठीकडून बॉम्बचा आवाज फिरून परत आला. कुडपणात मुंबई इंडियन्ससाठी एवढा आनंद त्याआधी चषक आणल्यावरच झाला असेल.

आपत्ती आली तो क्षण हाच. कुणाला तसं वाटलं नाही.

रात्री 11. दोन तास नंतर.

बापू आणि मी ओटीवर. मी त्यांना अमेरिकेतल्या बेसबॉलची गोष्ट सांगितली, कारण ही सगळी देवघेवीची रीत आमच्या खेळात आली ती तिकडच्या वळणाने. तिथे चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात, आणि सामन्याला सुरुवात करणाऱ्या पिचरवरून लोक आमच्यासारखेच महिनोन् महिने भांडतात. बोस्टनकडे बेब रूथ नावाचा असा एक पिचर होता. डावखुराच. तो असताना त्यांनी तीनदा विजेतेपद मिळवलं. पुढे तो फलंदाजीही तुफान करू लागला. डिसेंबर 1919 मध्ये संघाच्या मालकाने, जो नाटकं काढायचा, त्याला एक लाख डॉलरला न्यूयॉर्कच्या यांकीजना विकून टाकलं. बोस्टनला पुढचं विजेतेपद मिळालं 2004 साली.

“किती वर्सं झाली?”

“1918 चं शेवटचं. शहाऐंशी.”

बापू बराच वेळ गप्प राहिले. “डावखुरा व्हता म्हन्लास?”

आत डावखुरा बॅग भरत होता. सोमवारी सकाळच्या एसटीने पोलादपूर, तिथून मुंबईची गाडी. या गावातून कुणी ना कुणी पहिल्या एसटीने जातोच, गेली कित्येक वर्षं. बापूही असेच गेले होते. त्याबद्दल यादी कधी लागत नाही.

नंतर.

सोमवारी, 27 ला, सौद्यावर अधिकृत शिक्का बसला. गुजरातने शुभमन गिलला कर्णधार केलं. मंगळवारी बुमराहने समाजमाध्यमावर एक ओळ टाकली, गप्प राहणं हेच कधी कधी उत्तर असतं अशा अर्थाची. दगडावर त्या ओळीचे तीन अर्थ निघाले.

शुक्रवारी, 15 डिसेंबरला संध्याकाळी मुंबईने जाहीर केलं की पुढच्या मोसमात कर्णधार हार्दिक असेल. 2013 पासून पाच चषक आणणारा, बोरिवलीचा रोहित शर्मा नुसता खेळाडू. मी तेव्हा ठाण्यात होतो. टेम्पोवाल्याचा फोन आला, वारा फिरत असावा, मधलं काही ऐकू आलं नाही. शेवटचं आलं: “...वहिनीनं विचारलंय, आता पाणी कोण वाटणार.”

लिलावात मुंबईने बॉलर घेतले: कोएत्झी, मदुशंका, तुषारा. आणि 2024 चा मोसम काय सांगायचा? अहमदाबादला पहिला सामना सहा धावांनी गेला. 1 एप्रिलला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी आपल्याच कर्णधाराला आपलेच लोक हुर्यो करत होते, आणि संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. चौदा सामन्यांत चार विजय, दहावा नंबर. संघ दहाच होते.

त्याआधी जानेवारीत खालच्या गावाची स्पर्धा झाली. आमचा सामना यजमानांशीच पडला. त्यांच्याकडून पहिली ओव्हर टाकायला डावखुरा आला. पायात नवे बूट, पांढरे, अजून माती न लागलेले. आमच्याकडून सलामीला टेम्पोवाला. पहिला चेंडू बाहेर. दुसरा आत आला, तसाच, पायावर. दांडी गेली.

बापूंनी टाळी वाजवली. जोरात, एकदाच. मग आजूबाजूला बघितलं आणि हात मांडीवर पुसला.